बाजूच्या खोलीतला सभासद

हसाजी,

काल वाचनालयात तुझी शोकसभा झाली. मी बोललो नाही. बोलण्याचा आग्रह झाला होता, मी घसा बसल्याचं निमित्त केलं आणि मागच्या बाकावर बसून राहिलो. वकील बोलले, पोस्टमास्तर बोलले, तुमच्या इस्राएल समाजातले दोघे बोलले. तू वेळेचा पक्का, शब्दाचा पक्का, रेवदंड्यापासून अलिबागेपर्यंत तुझ्यासारखा घड्याळवाला नव्हता. सगळं खरं. पण एकानेही तुझ्या आगगाड्यांचं नाव काढलं नाही. गेलेल्या माणसाचं वेड चारचौघांत काढू नये, अशी त्यांची समजूत असावी. सभा संपल्यावर पोस्टमास्तर म्हणाले, "मास्तर, तुम्ही दोन शब्द बोलायला हवे होते. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?" मी मान हलवली. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की आता घरी चालत जायचं आहे, आणि वाटेत तुझं दुकान लागतं.

थकलोय रे. पाऊस थांबत नाही, अंगातली कणकण जात नाही, आणि जो तो येऊन मला तुझ्याविषयी चांगलं सांगतो. मला तुझ्याविषयी चांगलं ऐकायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं ते एक भांडण अर्धवट राहिलं.

पहिलं इंजिन तुझ्याकडे आलं त्या दिवशी मी दुकानातच होतो. बेहरामशेट आपलं लंबकाचं घड्याळ घेऊन आले होते. मुंबईचे पारशी गृहस्थ, समुद्राकाठी त्यांचा बंगला, थंडीत महिना-दोन महिने राहायला यायचे. घड्याळ ठेवून झाल्यावर त्यांनी कोटाच्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. वीतभर लांबीचं, हिरव्या रंगाचं पत्र्याचं इंजिन. मागच्या बाजूला चावीचं भोक, आत सगळं गंजलेलं.

"घड्याळ तो ठीक, हसाजी. पण हे पण जरा बघ नी," ते म्हणाले. "चालला तर तुझा."

तू ते हातात घेतलंस आणि घड्याळाकडे पाहिलंच नाहीस.

आपल्या बाजूला रूळ नाही. माणसं बोटीने जातात, बैलगाडीने जातात, नाहीतर पायी. तोपर्यंत तू दोनदा मुंबईला गेला होतास, दोन्ही वेळा लग्नाला, आणि आगगाडी फक्त एका पुलावर उभं राहून खाली जाताना पाहिली होतीस. इतकी वर्षं तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस. त्या दिवशी सांगितलंस. म्हणालास, "वरून बघितली रे. नुसतं छप्पर दिसलं. चाकं दिसली न्हायत."

चार दिवसांनी तू मला घरी बोलावलंस. गजराच्या जुन्या घड्याळाची गुंडाळलेली पोलादी कमान काढून तू इंजिनात बसवली होतीस. घासलेटच्या डब्यांचा पत्रा कापून, दुमडून रूळ केले होतेस. पडवीतली सारवलेली जमीन उंचसखल, म्हणून खाली फळ्या टाकल्या होत्या. चावी दिलीस, इंजिन सोडलंस, आणि तू चक्क पालथा पडलास, जमिनीला गाल लावून. इंजिन करकरत तुझ्या नाकासमोरून गेलं.

"असं बघितलं की मोठी दिसते, मास्तर. खरी गाडी येते तशी. तू पन ये खाली."

माझं धोतर परीटघडीचं होतं. मी खाली आलो नाही. पुढेही कधी आलो नाही.

रिबकावहिनी चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "घरात मानसाला पाय पसरायला जागा न्हाय, आन् ह्यांना ठेसन बांधायचं हाय." पण त्या हसत होत्या. मुलं नसलेल्या तुमच्या घरात तो करकर आवाज मला पहिल्यांदा खटकला, मग सवय झाली, मग शनिवारी तो ऐकू आला नाही की चुकल्यासारखं वाटायला लागलं. शनिवारी चावी देणं हेही तुमच्यात कामच, म्हणून शनिवारी गाड्या बंद. माझी शाळा अर्धा दिवस, तुझं दुकान बंद. आपण पडवीत नुसते बसायचो. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, तू अर्धं ऐकायचास. दिवस मावळून आभाळात तीन चांदण्या मोजता आल्या की तू उठायचास आणि पहिली चावी द्यायचास.

एकाची सहा इंजिनं झाली. त्यातली पाच मेलेली, कुणीतरी टाकलेली. एक सुट्टीला येणाऱ्या कुणा साहेबाच्या बंगल्याच्या अडगळीतून, एक अलिबागच्या भंगारवाल्याकडून, त्याला तर चाकंच नव्हती. शेवटचं तू स्वतः घडवलंस, बुडापासून नळकांड्यापर्यंत. त्याला लाल रंग दिलास, पण रंगाखालून घासलेटच्या डब्यावरची अक्षरं दिसत राहिली. तू आणखी एक हात द्यायला तयार नव्हतास. रंग जाड झाला की दाराच्या कडा बुजतात म्हणालास. ते दार नखाएवढं होतं, हसाजी.

मग बेहरामशेटनीच एका क्लबचं सांगितलं. मुंबईत गावदेवीला एका हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमतात. पंचवीसेक माणसं, साहेब, पारशी, भाटिये. ज्याच्या त्याच्याकडे खेळण्यातल्या आगगाड्या. लांब टेबलावर रूळ, पूल, बोगदे, सिग्नल, आणि दुपारभर गाड्या फिरतात. सभासद व्हायचं तर स्वतःची निदान पाच इंजिनं हवीत आणि इंग्रजीत अर्ज हवा. मोठी मोठी माणसं, पोटं सुटलेली, हे ऐकून मला हसू आलं. तुला नाही. तू दुसऱ्याच दिवशी शाळेत आलास. मधल्या सुट्टीत, दुकान उघडं टाकून.

"मास्तर, अर्ज लिही."

तो अर्ज लिहायला आपल्याला दोन संध्याकाळी लागल्या. तू प्रत्येक इंजिनाची माहिती सांगत होतास आणि माझं इंग्रजी अपुरं पडत होतं. काळ्या इंजिनाविषयी तू म्हणालास, "ही दम लागल्यागत चालते, पन थांबत न्हाय. तसं लिही." मी लिहिलं की हे जरा सावकाश चालतं. तू विचारलंस, "दमाचं लिवलंस?" मी म्हटलं, लिहिलं. ते माझं पहिलं खोटं, लहानसं. तेव्हा ते खोटं वाटलंही नाही.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर आलं, तीन आठवड्यांनी. मी ते वर्गाबाहेरच्या ओट्यावर उभा राहून वाचलं. भाषा फार सभ्य होती. अर्जदार धंद्याने कारागीर असल्याने त्यांना सभासद करून घेणं कमिटीला शक्य दिसत नाही. तथापि त्यांच्या कसबाची तारीफ कमिटीच्या कानावर आली आहे. दर बैठकीला येऊन सभासदांची इंजिनं दुरुस्त करण्याची त्यांची इच्छा असल्यास हॉलच्या बाजूच्या खोलीत त्यांची सोय करता येईल.

मामलेदार कचेरीत मी स्वतः एकदा दोन तास उभा राहिलो होतो, समोर रिकामी खुर्ची असताना. ते सगळं पुन्हा अंगावर आलं. तू पाच मेलेली इंजिनं उठवलीस, सहावं घडवलंस, तुझ्यासारखा माणूस, आणि तुला बाजूची खोली? त्यांची इंजिनं दुरुस्त करायला?

संध्याकाळी दुकानात येऊन मी म्हटलं, "उत्तर आलंय. जागा नाही म्हणतात."

तू भिंगातून नजर वर केली नाहीस. "बिलकूल न्हाय?"

"बिलकूल नाही."

"बरं," तू म्हणालास, आणि हातातल्या घड्याळाचा स्क्रू पिळत राहिलास.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. घरी जाऊन तुझ्या नावाने एक पत्र लिहिलं. अर्जदाराला आपली सूचना मान्य नाही, यापुढे पत्रव्यवहार करू नये. खाली तुझं नाव. टाकताना मला वाटलं होतं, मी तुझी लाज राखली.

त्यानंतर तू गाड्या ट्रंकेत भरून ठेवल्यास. एकदम नाही, एकेक. प्रथम तू पडवीत बांधलेला बोगदा गेला, मग पूल. एका शनिवारी चांदण्या निघाल्या तरी तू उठला नाहीस. वहिनी म्हणाल्या, "चावी द्या की." तू म्हणालास, "काय ती गोल गोल फिरनार. कुठं जाते ती?" मी तिथेच बसलो होतो. माझ्या तोंडात शब्द होता. बाहेर काढला असता तर त्याच संध्याकाळी सगळं मिटलं असतं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

बेहरामशेट त्या वर्षी मुलीकडे विलायतेला गेले आणि तीन हिवाळे इकडे फिरकले नाहीत. नाहीतर माझं खोटं महिनाभरही टिकलं नसतं.

चौथ्या हिवाळ्यात ते आले ते सरळ तुझ्या दुकानात. मी बाकावर बसलो होतो. हातातली काठीही न ठेवता त्यांनी तुला विचारलं, "अरे हसाजी, तू ना का पाडली? मी क्लबमध्ये तुझ्यासाठी केवढं बोललो! ते लोक बोलावतात आणि तू लिहितोस, पत्र पण पाठवू नको?"

तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. मग शेटकडे वळलास.

"तवा घरचं मानूस आजारी होतं, शेट. जमन्यासारखं नव्हतं. लिवण्यात कमीजास्त झालं असंल."

शेट जाईपर्यंत तू त्यांच्या मुलीची चौकशी केलीस, विलायतेच्या थंडीचं विचारलंस. ते गेले. तू दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावल्यास आणि माझ्यासमोर जमिनीवर बसलास.

"काय लिवलं होतं त्यात?"

मी सांगितलं. कारागीर, कसब, बाजूची खोली, सगळं. आणि मी काय उत्तर पाठवलं तेही. सांगता सांगता माझा आवाज चढला, कारण मला अजून राग होता. "तुला नोकरासारखं बाजूला बसवणार होते! हॉलमध्ये ते खेळणार आणि तू आत त्यांची चाकं बसवणार! मी ते तुला वाचून दाखवायचं?"

"व्हय," तू म्हणालास. "वाचून दाखवायचं. तेवढंच काम दिलं होतं तुला."

"तुझा अपमान होता तो."

"मी इथं जमिनीवर बसून काम करतो, मास्तर. गिऱ्हाईक बाकावर बसतो. रोज अपमान व्हतो का माझा? माझा मान माझ्यापाशी हाय. तुला कुनी सांभाळायला दिला?"

तू पुढे एक वाक्य बोललास, ते मात्र ओरडून नाही, अगदी हळू: "त्या खोलीतनं गाड्या दिसल्या असत्या रे."

आपण तीन महिने बोललो नाही. दर गुरुवारी तू शाळेच्या घड्याळाला चावी द्यायला यायचास, कारण ते तुझं काम होतं. स्टुलावर चढायचास, चावी द्यायचास, काटे तपासायचास आणि निघून जायचास. पहिल्या गुरुवारी मी "ये हसाजी" म्हटलं. तू घड्याळाला म्हणालास, "दोन मिनिटं मागं हायस." मला नाही, घड्याळाला. नंतर मीही बोलणं सोडलं. माझी बायको विचारायची, शनिवारी हल्ली घरीच कसे? मी म्हणायचो, पाठ दुखते.

होळी झाल्यावर एका संध्याकाळी तू माझ्या दारात उभा राहिलास. आत आला नाहीस. म्हणालास, "दौत काढ. पत्र लिवायचं हाय."

मी कागद घेतला. तू उभ्यानेच सांगायला लागलास, आणि मी लिहायला लागलो. आजही ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"मागं न्हाय म्हटलं ते मी म्हटलं न्हाय. माझ्या दोस्तानं म्हटलं. तो मास्तर हाय. जगातल्या सगळ्यांच्या चुका आपनच सुधारायच्या असं त्याला वाटतं."

मी थांबलो. "हे लिहू?"

"लिही. शब्द गाळू नको."

मी लिहिलं. माझ्याच हाताने, माझ्याच विषयी, परक्या भाषेत, मला न पाहिलेल्या माणसांना.

"मला यायचं हाय. बाजूच्या खोलीत बसेन. इंजिनं दुरुस्त करीन. पन जेवनाच्या सुट्टीनंतर माझी इंजिनं मोठ्या टेबलावर धावली पायजेत. एवढं मान्य असंल तर कळवा. दोस्तासंगट येईन, मला इंग्रजी येत न्हाय."

"दोस्तासंगट?" मी विचारलं.

"दुसरा कोन हाय?" तू म्हणालास. "आता वाच. एकेक वाक्य, मराठीत करून."

मी वाचत गेलो आणि तू कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिलास.

होकार आला. वैशाखात, बोटी बंद व्हायच्या आधी, आपण निघालो. शुक्रवारी पहाटे बैलगाडीने रेवस, तिथून बोट, ट्रंक तुझ्या मांडीवर. मी म्हटलं, खाली ठेव. तू म्हणालास, "खाली खारं पानी हाय." शनिवार मुंबईत मांडवीला तुझ्या मेव्हण्याकडे पाळला. त्यांनी मला गव्हाच्या चिकाचा हलवा खाऊ घातला आणि तू रात्र पडण्याआधीच भिंतीकडे तोंड करून झोपलास, लवकर रविवार व्हावा म्हणून.

हॉलची ती बाजूची खोली म्हणजे कपबशा ठेवायची जागा होती. एक टेबल, एक खिडकी. सेक्रेटरी म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला एक म्हातारा साहेब, सुरकुतलेला, लाल मानेचा. रुळांवर काम करणाऱ्या गँगमनांकडून शिकलेलं त्याचं मराठी होतं, सगळ्यांना अरेतुरे. त्याने तुझ्यापुढे एक मोठं पितळी इंजिन ठेवलं. तीन माणसांनी खोललं होतं आणि तिघांनी बिघडवलं होतं. तू भिंग लावलंस. मी दारात उभा. माझ्या पाठीमागे हॉलमधून हसण्याचे, शिट्ट्यांचे आवाज येत होते आणि माझे कान तापत होते. तुझं लक्षच नव्हतं. मध्येच मला म्हणालास, "मास्तर, दारातनं सरक, मला तो पूल दिसत न्हाय."

जेवणानंतर तुझी पाळी आली. पाच इंजिनं नीट फिरली, लोकांनी माना डोलावल्या. मग तू लाल इंजिन ठेवलंस. डब्यावरची अक्षरं उजेडात स्पष्ट दिसत होती. कुणीतरी ती मोठ्याने वाचली आणि दोघे-तिघे हसले. मी टेबलाकडे एक पाऊल पुढे झालो. तेवढ्यात तो सेक्रेटरी साहेब टेबलाशी आला, दोन्ही गुडघे धरत धरत खाली बसला, आणि त्याने टेबलाच्या कडेला गाल टेकला. इंजिन त्याच्या नाकासमोरून गेलं. तो तसाच राहिला. पुन्हा फेरी झाली, पुन्हा गेलं.

"हे तू बनवला?" त्याने तिथूनच विचारलं.

"व्हय साहेब."

"दरवाजा उघडतो?"

"उघडतो. पन नख पायजे."

मग तूही त्याच्याशेजारी बसलास, टेबलाला गाल लावून. हसणारेही वाकून बघायला लागले. मी एकटा उभा होतो आणि मला काय वाटत होतं ते मला त्या वेळी कळलं नाही. आता कळतं. मला हेवा वाटत होता.

पुढची चार वर्षं पावसाळा सोडून तू एकही बैठक चुकवली नाहीस. मी चार-पाच वेळा आलो असेन, मग तुला माझी गरज उरली नाही. परत आलास की सोमवारी दुकानात मला सगळं सांगायचास. कुणाकडे नवं काय आलं, कोण कुणाशी भांडलं. तुझं बोलणं वाढलं होतं. वहिनी म्हणायच्या, "मुंबईचं वारं लागलं." पूल आणि बोगदा पुन्हा पडवीत आले. चौलहून, नागावहून माणसं घड्याळ दाखवायला म्हणून यायची आणि गाडी बघत बसायची.

तिसऱ्या वर्षी ते पत्र आलं. कमिटीने नियम बदलला होता, तुला सभासद करून घेतलं होतं, सगळ्यांच्या मताने. मी वर्ग सोडून धावत आलो. दुकानात उभ्याउभ्या वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत, एकही शब्द न गाळता. मला धाप लागली होती.

तू ऐकून घेतलंस. म्हणालास, "म्हंजे आता इंजिनं कोन दुरुस्त करनार?"

"ते बघतील! तू आता हॉलमध्ये बसायचं."

पुढच्या महिन्यात परतल्यावर मी विचारलं, कुठे बसलास? तू म्हणालास, "खोलीतच. हॉलात उजेड बरा न्हाय. खिडकीपाशी ब्येस दिसतं." मी कपाळाला हात लावला. इतकं होऊन तू पुन्हा कपबशांच्या खोलीत!

आपलं अर्धवट भांडण ते हेच. मी म्हणायचो, मी चुकलो हे कबूल, पण त्यांनी पहिल्यांदा जे लिहिलं तेही बरोबर नव्हतं. कारागीर म्हणून माणसाला दाराबाहेर ठेवायचं आणि हात मात्र वापरायचे, हे बरोबर नव्हतं. तू सहन केलंस म्हणून ते बरोबर ठरत नाही. तू म्हणायचास, "दोन्ही खरं. चा पी." मला ते उत्तर कधीच पटलं नाही. आजही पटत नाही. तू असतास तर उद्या पुन्हा काढलं असतं.

गेल्या दिवाळीनंतर तुझा उजवा हात थरथरायला लागला. तू कुणाला सांगितलं नाहीस, पण शाळेच्या घड्याळाला चावी देताना किल्ली भोकावर वाजत होती, ते मला वर्गातून ऐकू आलं. नंतर नंतर तुला बारीक स्क्रू बसवता येईना. एकदा तू चिमटा माझ्या हातात दिलास. "मास्तर, तू धर. मी सांगतो." मी धरला. स्क्रू तीनदा पडला. चौथ्यांदा बसला. तू म्हणालास, "घड्याळवाला झाला असतास, पन फार उशिरा." मला त्या दिवशी घरी येऊन जेवण गेलं नाही. तुझं ते थट्टेचं बोलणं, आणि हात मांडीखाली दाबून बसणं.

वहिनींना काल भेटलो. ट्रंकेचं काय करायचं ते विचारलं. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या तांदूळ निवडत होत्या. "त्या लोकांना देऊन टाका," म्हणाल्या. "त्यांच्यापाशी टेबल हाय. इथं खाऱ्या हवेत गंजून जातील. मला रोज पुसायला जमनार न्हाय, आन् जमलं तरी मी पुसनार न्हाय." मग सूप खाली ठेवून, "तुमीच न्या, मास्तर. दुसऱ्या कुनाच्या हाती नको." नारळी पौर्णिमेला बोटी सुटतील तेव्हा मी ट्रंक घेऊन जाईन. माझ्याने उचलेल का, माहीत नाही. पण नेईन.

हसाजी, तीन महिन्यांनी तू आपण होऊन माझ्या दारात आलास, त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. बेहरामशेटसमोर मला झाकलंस, त्याबद्दलही नाही. तू कधी मागितलंही नाहीस. आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. ते दुसरं पत्र, तू दारात उभा राहून सांगितलेलं. त्याच्या शेवटी मी माझ्या मनाचं एक वाक्य घातलं होतं. ज्या मित्राने पहिलं पत्र लिहिलं त्याला आपल्या वागण्याची शरम वाटते, असं. तुला वाचून दाखवताना ते मी गाळलं. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, तरी तुला ते कळलं नाही, किंवा कळलं आणि तू सोडून दिलंस.

म्हणजे मी माफी मागितली ती परक्या भाषेत, परक्या माणसांकडे, तुझ्या समोर आणि तुला चोरून. मग चार वर्षं, पडवीत, बोटीत, दुकानाच्या बाकावर, रोज उद्या म्हणत राहिलो.

तेव्हा आता सांगतो. माझं चुकलं, हसाजी. तुला आलेलं पत्र मी तुला वाचून दाखवलं नाही, खोटं सांगितलं. त्या टेबलापाशी तुला सात वर्षं मिळायची होती, मी त्यातली तीन खाल्ली. ती मला कुठूनही आणून देता येत नाहीत.